झुडपी जंगलाची टेकडी हिरवी झाली, आता राखण कशी टिकवायची?

धामकाठ

नमस्कार मंडळी,

धाम नदी पवनारला विनोबांच्या आश्रमाखालून वाहते, ती बहुतेकांनी पाहिली असेल. तिचा वरचा पाणलोट आर्वी-कारंजा (घाडगे) पट्ट्यातल्या टेकड्यांवर आहे आणि आमचं गाव तिथलं. गावाच्या वर झुडपी जंगलाची टेकडी आहे. माझ्या शाळेच्या दिवसांत उन्हाळ्यात तिच्यावर गोटे आणि घाणेरी (लँटाना) एवढंच दिसायचं. गावातली पोरं, बचत गटाच्या बाया आणि काही म्हातारे कास्तकार असे आम्ही गेली काही वर्षं तिथे श्रमदान करतोय. नाल्याला आता दिवाळीनंतरही पाणी राहतं, टेकडीखालच्या विहिरी उशिरा आटतात. आता फेब्रुवारी तोंडावर आलाय आणि गावात रोज एकच चर्चा आहे, हे टिकवायचं कसं. म्हणून हा धागा.

आधी काय केलं ते थोडक्यात. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर खोदले, 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल. ओळी आखायला बांबूची ए-फ्रेम वापरली. दोन काठ्या वर बांधायच्या, मध्ये एक आडवी काठी, वरून दोरीला गोटा लोंबता. दोरी आडव्या काठीच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. हे काम आमच्या गावात सगळ्यात चोख केलं ते कधी शाळेत न गेलेल्या एका आजोबांनी. त्यांनी आखलेल्या ओळीत पाणी एका टोकाला कधी साचलं नाही. माती चराच्या खालच्या अंगाला टाकली, ओहोळांत गोट्यांचे छोटे बांध घातले आणि खाली नाल्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे.

पण मला ज्यावर बोलायचंय ते चर नाहीत. जरा हिशोब करा. एक मीटर लांब चरात 180 लिटर पाणी मावतं. 20 मीटरवर एक ओळ धरली तर हेक्टरी 500 मीटर चर, म्हणजे एका भरण्यात 90 हजार लिटर. आणि आमच्याकडे एका दणक्यात 50 मिलिमीटर पाऊस होणं नवं नाही. तेवढा पाऊस एका हेक्टरवर पडला तर 5 लाख लिटर होतो. म्हणजे चर काठोकाठ भरले तरी पाचवा हिस्साही धरत नाहीत, आणि दर पावसाळ्यात गाळ बसून ते उथळच होत जातात. उरलेलं पाणी कोण थांबवतं? गवत, पालापाचोळा आणि मुळांनी भुसभुशीत केलेली माती. ते असेल तर चर मदतनीस आहेत. ते नसेल तर चर नुसते खड्डे आहेत, दोन-तीन पावसाळ्यांत बुजणारे.

दुसरी गोष्ट झाडांची. सुरुवातीला आम्हाला सगळेच सांगायचे, रोपं लावा. आम्ही फार लावली नाहीत, कारण जिथे घाणेरी काढली तिथे रोपांची गरजच पडली नाही. जमिनीखाली जुनी खुंटं जिवंत होती. वर्षानुवर्षं कुऱ्हाड, आग आणि ढोरांची दाढ (चराई) सोसून बोटभर उंचीची राहिलेली. घाणेरी हटली, दोन पावसाळे ढोरांचं तोंड लागलं नाही, की पळस, तेंदू, धावडा, खैर आपोआप वर आले. तेंदूच्या एका जुन्या मुळीवरून हातभर अंतरावर फुटलेले कोंब मी मोजत बसलो होतो. नवीन रोपाला हे बळ यायला किती वर्षं लागतील?

घाणेरी कशी काढली हे अनेकजण विचारतात, तर तेही सांगतो. वरून छाटली की ती दुप्पट जोमाने फुटते. जमीन भिजल्यावर, फळं पिकायच्या आधी, कुदळीने बुंध्याजवळची माती सारायची आणि जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं. फुटवे येतात ते खोड आणि मूळ यांच्या सांध्यातून, तो भाग वर निघाला पाहिजे. मग अख्खं झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे करून वाळू द्यायचं. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी ही पद्धत मांडली आहे आणि ती खरंच चालते. पण पक्षी बी टाकत राहतात, त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं बारकी रोपं उपटत राहावं लागतं. आणि सगळी टेकडी एकदम साफ करू नका. पट्टे पाडून करा, नाहीतर उघडी माती पहिल्याच पावसात खाली येते आणि तितरांचा आडोसाही जातो.

तर माझं म्हणणं असं, की आमच्यासारख्या जागी खोदणं आणि लावणं हे सोपं काम. फोटो निघतो, पाहुणे येतात, पोरं हौसेनं येतात. खरं काम राखणीचं. ते रोजचं आहे आणि त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. वणवा, चराई, सरपण, जमिनीचा हक्क, सगळं त्यात आलं. तुमच्या गावात हे कसं चाललंय ते मोकळेपणी लिहा.

संत्रापट्टा

भाऊ, काम लय चांगलं केलं तुमी. पन एक गोष्ट आमच्या वरूडच्या अनुभवावरून सांगतो, ती मनावर घ्या.

आमच्या तालुक्यात 2016 साली, पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या पयल्याच वर्षी, गावंच्या गावं श्रमदानाले उतरली होती. महाराष्ट्रातल्या तीन तालुक्यांत आमचा एक होता. मी सोता टिकास घेऊन होतो. पानी अडलं, हे खरं हाय. पन वरूड-मोर्शी हा भाग भूजलाच्या अतिउपशासाठी कितीक वर्षांपासून नावाजलेला. संत्र्याले उन्हाळ्यात पानी लागतेच, मंग जो तो बोअर खोल नेते. आपन वर टेकडीवर थेंब थेंब जिरवाचा आन खाली एका रात्रीत मोटर ते उपसून टाकते. भूजल कायद्यानं 60 मीटरच्या खाली जाता येत नाई म्हनतेत, पन गावात बोअरची गाडी आली का कोनी टेप घेऊन उभं राह्यते का?

म्हनून माझं म्हननं, राखन फक्त टेकडीची नाई, खालच्या पान्याचीबी करा. ग्रामसभेत आताच ठरवा का नवे बोअर नाई, पिकाचा मेळ पान्याच्या हिशोबानं बसवाचा. पानी वाढल्यावर हे ठरवाले गेले तर कोनी आयकत नाई. पानी नव्हतं तवा सारे एक होते, पानी आलं का जो तो आपल्या वावराचा.

आन नाला खोलीकरनाचं म्हनसान तर जपून. जेसीबीनं खडकापर्यंत खोदलं तर बाजूच्या विहिरीचं पानी उलट नाल्यात झिरपते. काठाची झाडं जातात ते येगळंच.

गवळाऊ

मी तुमच्याच बाजूचा, नंदगवळी. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या गवळाऊ गाई आहेत. त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडा राग असेल तर समजून घ्या, धामकाठ दादा.

'ढोरांचं तोंड लागलं नाही' हे तुम्ही एका ओळीत लिहिलं. ती दोन वर्षं आमच्यासारख्यांनी कशी काढली ते पण लिहायला पाहिजे. गवळाऊ ही गोठ्यात बांधून पेंड खाऊ घालायची जात नाही. चालणारी, पळणारी, उन्हाळा सोसणारी गाय आहे ही. हेटीकुंडीला तिचं सरकारी पैदास केंद्र आहे, पण गाय टिकली ती गवळ्याच्या घरी आणि रानातल्या गवतावर. प्रत्येक गाव आपापली टेकडी बंद करत गेलं तर आमचा कळप शेजारच्या गावच्या टेकडीवर जातो. तिथे भांडण होतं, आणि तुमची टेकडी वाचते ती त्यांच्या टेकडीच्या जिवावर. याला पाणलोटाचं काम म्हणायचं का?

मी चराईबंदीच्या विरोधात नाही. गवत संपलं तर सगळ्यात आधी आम्हीच मरतो. पण गवत कसं येतं, कधी येतं, हे आमच्या ढोरक्यांना विचारा. पवन्या आणि मारवेल हे चांगलं गवत. सतत चरलं गेलं की ते मागे हटतं आणि कुसळ पुढे येतं. कुसळ कोवळं असताना गाय खाते, पण बी धरल्यावर ते तोंडात टोचतं, मग तीच गाय त्याला तोंड लावत नाही. पवन्या परत आणायचा असेल तर त्याला बी पिकवून जमिनीवर टाकू द्यावं लागतं, म्हणजे पावसाळा लागल्यापासून दिवाळी होईपर्यंत तिथे दाढ नको. त्यानंतर कापणी करा, नाहीतर ढोरं सोडा, काही बिघडत नाही. उलट वाळलेलं गवत तसंच उभं ठेवलं तर फेब्रुवारीत तेच पेटतं.

म्हणून तुकडे पाडा. टेकडीचे तीन भाग करा, एक भाग पावसाळाभर बंद, बाकी दोन चालू, पुढच्या वर्षी पाळी बदला. ढोरांच्या रस्त्याला आणि पाण्यावर जायच्या वाटेला हात लावू नका. बकऱ्यांचं वेगळं ठरवा, कारण बकरी शेंडा खाते आणि तुमची खुंटफूट तिच्यामुळेच मरते, हे मीही मान्य करतो. आणि बैठक ठरवताना सकाळी दहाची वेळ ठेवू नका. तेव्हा आमची माणसं रानात असतात. आमच्या मागे ठरलेली बंदी आम्ही मानायची, हे होणार नाही.

धामकाठ

गवळाऊ भाऊ, तुमचा मुद्दा पटला आणि तो या धाग्यात हवाच होता. तीन भागांची गोष्ट आमच्या गावातल्या एका ढोरक्यानेही काढली होती. ती नीट पुढे गेली नाही, कारण हद्द कुणाला दिसत नाही. कुंपणाला पैसा नाही आणि काटेरी तार मला नकोच, रात्री हरणं अडकतात. तुमच्याकडे हद्द कशी दाखवतात?

संत्रापट्टा दादा, आमच्याकडे संत्रा कमी, पण पाणी दिसल्याबरोबर ओलीत वाढायला लागलंय. तुम्ही म्हणता ते आत्ताच बोलायला हवं.

मोहफूल

गडचिरोली जिल्ह्यातून लिहितो आहे. आमच्याकडे जंगल दाट, पाऊस तुमच्यापेक्षा बराच जास्त, त्यामुळे सगळंच तुम्हाला लागू पडेल असं नाही. पण वणव्याचं मात्र सगळीकडे एकच आहे. आपोआप लागलेली आग मी फार कमी पाहिली. आग माणूस लावतो आणि बहुतेक वेळा त्याच्याकडे तसं कारण असतं. ते कारण सोडवलं नाही तर कितीही गस्त घाला.

आमच्याकडे कारणं दोन. मार्च-एप्रिलात मोहफूल गळतं. पहाटे वेचायला गेल्यावर पाचोळ्यात फूल दिसत नाही, म्हणून झाडाखाली पाला जाळतात. दुपारी वारा सुटतो आणि ती आग रानात शिरते. दुसरं तेंदूपत्ता. जाळलं की नवी पालवी चांगली येते असा समज, म्हणून हंगामाआधी रान पेटवलं जातं. एक पुडा 70 पानांचा, मजुरी पुड्यांवर, त्यामुळे चांगलं पान लवकर हाती यावं असं प्रत्येकालाच वाटतं.

मोहाला उपाय सोपा आहे. झाडाखालचा पाला खराट्याने गोल झाडून काढायचा, किंवा जुन्या साड्या, जाळी अंथरायची. फूलही स्वच्छ मिळतं, त्यामुळे भाव बरा येतो. आमच्या गावात हे बायांनीच सुरू केलं. तेंदूला आगीऐवजी खूट कटाई करायची, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं जमिनीलगत छाटायची. पालवी तेवढीच चांगली येते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर याहून मोठा निर्णय घेतला. त्यांना 2012 मध्ये हजारेक हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूत पैसा असूनही ग्रामसभेनं तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी फांद्या तुटतात, आगी लागतात, आणि तेंदूची फळं माणसांना आणि पाखरांना दोघांनाही हवीत. त्यांनी कमाई बांबूवर उभी केली. माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल वेळोवेळी लिहिलं आहे. प्रत्येक गावाने तेच करावं असं मी म्हणत नाही. पण निर्णय गावाचा स्वतःचा होता म्हणून तो पाळला गेला. बाहेरून कुणी तेंदूबंदी लादली असती तर चार दिवस टिकली नसती.

गस्तीचं म्हणाल तर आमच्याकडे घराघराची पाळी असते. ज्याला जमत नाही त्याने दुसऱ्या माणसाला पाठवायचं. पैसे भरून सुटका नाही. हा शेवटचा नियम महत्त्वाचा आहे. पैसे भरून सुटका दिली की ज्यांच्याकडे पैसा आहे ते रानात जाणं सोडतात आणि मग त्यांना रानाचं काही वाटेनासं होतं.

वनमजूर

मी आगीच्या हंगामात रोजंदारीवर काम करतो, म्हणून थोडं कामाचं सांगतो. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरतात. जाळरेषा त्याच्या आधी झाल्या पाहिजेत. गावाकडचे रस्ते, वावरांचे धुरे आणि टेकडीची हद्द इथे किमान 3 मीटर रुंदीचा पट्टा गवत-पाला काढून उघडा करायचा. जाळून करणार असाल तर वनविभागाच्या माणसांबरोबरच करा, एकट्याने नाही. हाताने गवत कापून केलेली रेषा सगळ्यात निर्धोक, आणि कापलेलं गवत ढोरांना होतं. वावरातला धसकट-काडीकचरा एप्रिल-मेमध्ये जाळतात, तिथून आलेली आग मी सगळ्यात जास्त विझवली आहे. त्यामुळे टेकडीला लागून ज्यांची वावरं आहेत त्यांच्याशी आधी बोला.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर मोबाइल नंबर नोंदवला की आपल्या भागातल्या आगीचा संदेश येतो. फुकट आहे. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच वरून जातो. लहान आग त्याला दिसेलच असं नाही आणि संदेश येईपर्यंत ती पसरलेलीही असते. तेव्हा टेकडीवर नजर ठेवणारा माणूस लागतोच.

आणि पोरांना सांभाळा. आग चढावर पळते, तिच्या वरच्या अंगाला कुणी उभं राहायचं नाही. नायलॉनचे कपडे नको, सुती घाला, पायात बूट पाहिजेच. हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवताना वारा पाठीवर घ्यायचा. एकटं कुणी आत जायचं नाही. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा आग सगळ्यात लवकर आटोक्यात येते. विझली म्हणून घरी येऊ नका. पडलेली वाळकी खोडं आतून धुमसत राहतात आणि दुपारच्या वाऱ्याने परत पेटतात. पाणी नसेल तर माती ओढून झाका.

पऱ्हाटी

यवतमाळकडची आहे. वाचून बरं वाटलं, पण एक गोष्ट कुणीच काढली नाही. टेकडी बंद केली की सरपणाचं काय? ढोरांसाठी गवळी बोलले, ते बरोबरच आहे. चुलीसाठी बाई बोलत नाही, कारण बैठकीत ती मागे बसलेली असते. आमच्या गावात कुऱ्हाडबंदीचा ठराव टाळ्यांत पास झाला. दुसऱ्या दिवसापासून बाया दुप्पट लांब जायला लागल्या, दुसऱ्या गावच्या रानात, चोरून. पकडलं की बोलणी त्यांनाच.

आता आमच्याकडे थोडं जमलंय. पराटी (कापसाची वाळलेली झाडं) आणि तुराट्या वावरातच पेटवून द्यायची सवय होती, ती मोडली. आता त्यांचे भारे बांधून घरी आणतात, पावसाळ्यापुरते छपराखाली रचून ठेवतात. घाणेरीची वाळलेली लाकडंही चुलीला चालतात, चांगली जळतात. धामकाठ दादांनी लिहिलं तशी मुळापासून काढलेली घाणेरी तिथेच वाळत ठेवण्यापेक्षा वाळल्यावर बायांना नेऊ द्या. काम करायला हात मिळतात आणि सरपणही भागतं. गॅसची टाकी घरोघर आहे, पण भरून आणायला पैसे लागतात. कापूस विकून होईपर्यंत ते हातात नसतात.

दुसरं, नोंदी ठेवा. आमच्या शाळेतल्या पोरींनी गावातल्या ठरलेल्या विहिरींची पातळी दर महिन्याला मोजायला घेतली आहे. दोरीला वजन बांधून, दोरीवर मीटरच्या गाठी मारून, विहिरीच्या काठावरच्या एकाच खुणेपासून. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे, त्याचा आकडा रोज सकाळी फळ्यावर. मागच्या उन्हाळ्यात बोअर घ्यायचा म्हणून दोन घरांत वाद झाला, तेव्हा सरपंचांनी पोरींचीच वही मागवली. जैविक विविधता कायदा 2002 चा आहे, त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती कपाटात आहे. ती बाहेर काढा आणि खरी करा.

सातबारा

पऱ्हाटी ताई, विहिरीच्या नोंदींचं लाखमोलाचं बोललात.

मी जमिनीच्या हक्कावर लिहितो, कारण राखण करायची तर आपण कोणत्या नात्याने करतो हे कागदावर असलं पाहिजे. नाहीतर उद्या कुणीतरी ती टेकडी मुरमासाठी मागेल आणि तुमच्या हातात फक्त फोटो असतील.

झुडपी जंगल हा विदर्भाचाच प्रकार आहे. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली कागदांत झुडपं असलेली, शेतीला हलकी, गुरांसाठी ठेवलेली जमीन अशी ही नोंद. पुढे ती वन की महसूल, यावर अनेक दशकं वाद चालला. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पूर्व विदर्भातल्या नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतलं सुमारे 86 हजार हेक्टर झुडपी जंगल वन संवर्धन कायद्याच्या अर्थाने जंगलच आहे. 12 डिसेंबर 1996 पूर्वीच्या वापराला काही अटींवर मोकळीक आहे. तुमच्या टेकडीला याने एक संरक्षण मिळालं. ती जमीन वाटणं आता सोपं नाही.

पण संरक्षण मिळालं म्हणजे गावाचा अधिकार आला असं नाही. तो येतो वन हक्क कायदा 2006 मधून. त्याच्या कलम 3(1) मध्ये सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला आहे. 2012 च्या दुरुस्तीत त्यासाठी स्वतंत्र नमुना आला. गावात आदिवासी कुटुंबं असतील तर मार्ग सोपा. इतर पारंपरिक वननिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. गवळी कुटुंबांची चराईची वहिवाट, जुने निस्तार पत्रक (गावाच्या चराई-सरपणाच्या हक्कांची नोंद), म्हाताऱ्यांचे जबाब, सगळं पुरावा म्हणून चालतं. म्हणजे गवळाऊ भाऊंना बाहेर ठेवून तुमचा दावा उभाच राहणार नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव सगळे घेतात. 2009 मध्ये जवळपास 1800 हेक्टरचा हक्क त्यांना मिळाला. पण तुम्ही अमरावती जिल्ह्यातलं पायविहीर पाहा. त्यांना 2012 मध्ये 193 हेक्टर मिळालं, तेही तुमच्या टेकडीसारखं उघडं-बोडकं. खोज संस्थेच्या सोबतीने गावाने ते उभं केलं. सीताफळ आलं, गवत आलं, रोजगार हमीतून कामं झाली. 2014 मध्ये त्यांना राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. तिथे एकदा जाऊन बसा.

बोडीकाठ

मी गोंदिया जिल्ह्यातला. आमच्याकडे टेकडीपेक्षा तलाव मोठा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर मिळून साडेसहा हजारांहून जास्त मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले गावतलाव, आहेत. कोहळी लोकांनी बांधलेले, नवेगाव बांध त्यातलाच. मालगुजारी गेली, 1950 च्या कायद्याने तलाव सरकारजमा झाले, आणि गावाची राखण सुटली. पाणी येण्याचा मार्ग (येवा) अतिक्रमणात गेला, पाळीवर झाडं माजली, पात्रात बेशरम नावाचं तण पसरलं.

अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या बायकांबरोबर काम केलं. बेशरम मुळासकट काढली, उन्हाळ्यात आटलेला तळ नांगरला, गावठी पाणवनस्पती परत लावल्या. मग स्थानिक मासे आले, पाखरं आली. त्यांना कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे ठाऊक होतं, कारण पोट त्यावर होतं. नुसता गाळ काढून हे झालं नसतं.

धामकाठ भाऊ, तुमच्या धाग्यात मला हेच दिसलं. गवत गवळ्याला ठाऊक, सरपण बाईला ठाऊक, आग मोहफूल वेचणाऱ्याला ठाऊक. राखण त्यांच्याच हाती द्या, तुम्ही कागद सांभाळा. आणि खालच्या गावांना विसरू नका. तुमच्या टेकडीवरची माती थांबली तर खाली धामच्या धरणात गाळ कमी जातो. त्या गावांतून गस्तीला माणसं मागायचा तुम्हाला हक्क आहे.

गवळाऊ

हद्दीचं विचारलं होतं ना दादा. कुंपण नको. आमचे म्हातारे गवताची पेंढी वळून झाडाला बांधायचे, ती दिसली की ढोरकी समजायचा इकडे वळायचं नाही. तुम्ही मोठ्या गोट्यांना चुना लावा, लांबून दिसतो. पण त्याआधी सगळ्या ढोरक्यांना घेऊन एकदा हद्द चाला. पायाखालून गेलेली हद्द विसरत नाही.

धामकाठ

सगळ्यांचे आभार. आज आमची बैठक झाली. हा धागा पऱ्हाटी ताईंच्या पोस्टपासून मोठ्याने वाचून दाखवला. बैठक रात्री आठला, ढोरं घरी आल्यावर घेतली, आणि गवळी वस्तीवरच घेतली.

ठरलं ते असं. येत्या रविवारी ढोरक्यांबरोबर हद्द चालायची आणि टेकडीचे तीन भाग पाडायचे. माथ्याकडचा भाग पहिला बंद, कारण तिथे उतार जास्त आणि खुंटफूट कोवळी. जाळरेषा गवत कापून करायच्या, कापलेलं गवत गवळ्यांचं. वाळलेली घाणेरी ज्या बाया काढायला येतील त्यांची. टेकडीलगतच्या कास्तकारांकडे धसकट न जाळण्याबद्दल बचत गटाच्या बाया जाणार, कारण त्या घरांत त्यांचं ऐकतात. गस्त घराघराच्या पाळीने, पैसे भरून सुटका नाही. यावर बराच वाद झाला, पण नियम राहिला. बोअरचा विषय निघाला तेव्हा दोघे उठून गेले. तो पुढच्या ग्रामसभेत परत घेऊ, तोवर शाळेशी बोलून विहिरींची मोजणी सुरू करतो, म्हणजे बोलायला आकडे असतील.

सातबारा साहेब, निस्तार पत्रकाची नक्कल काढायला तहसीलमध्ये अर्ज टाकतोय. काही अडलं तर इथेच विचारीन.

गवळाऊ भाऊ, एक राहिलं. माथ्यावर पवन्या जवळपास नाहीच, सगळं कुसळ आहे. बी कुठून आणि कसं आणायचं?

गवळाऊ

या वर्षाचं बी गळून गेलं, आता पुढच्या हंगामाची तयारी करा. पवन्याचं रान अजून आमच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी आहे, दाखवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कणीस पिवळं पडलं आणि हात फिरवल्यावर दाणे सहज सुटायला लागले की ओरबाडून गोळा करायचं. हिरवं तोडलं तर उगवत नाही. सावलीत वाळवून पोत्यात, उंदरांपासून जपून ठेवायचं. ताजं बी लगेच नीट उगवत नाही, एक उन्हाळा जाऊ द्यावा लागतो. मृगाच्या आधी शेणखत आणि माती मिसळून चराच्या मातीवर आणि उघड्या पट्ट्यांत फेकायचं, वरून काटेरी फांदी ओढायची म्हणजे बी मातीत बसतं.

कुसळाची काळजी करू नका. त्याच्या बियाची शेपटी ओली झाली की पीळ सोडते आणि बी स्वतःच जमिनीत घुसतं, त्यामुळे ते कुठेही येतंच. पवन्याला तीन पावसाळे दाढ लागली नाही तर तो कुसळाला मागे सारतो. तेव्हा माथ्याचा भाग एका वर्षाने उघडू नका, तिथे पाळी उशिरा बदला. रविवारी हद्द चालायला मी येतो, आमच्याकडचे दोन ढोरकी पण येतील. किती वाजता निघायचं तेवढं सांगा.

धामकाठ

सकाळी सहाला, मारुतीच्या पारापासून. ढोरं सुटायच्या आत माथ्यावर पोचू.